कालवफोडे गेले कुठे

"मग गेले कुठे ते?"

भामायेने मान वर केली नाही. बंदरातल्या जुन्या धक्क्यावर चटया अंथरलेल्या होत्या, चटयांवर खारे बांगडे, आणि ती बसल्या बसल्या पुढे सरकत एकेक बांगडा उलटत होती.

"आये, मी तुला विचारतोय."

"कोण गेले?"

"कालवफोडे."

"तुज्या पुस्तकात बघ. थंय लिवलेला आसतला."

पलीकडे मीठ चाळत बसलेली तिची सून इंदू पदरात तोंड लपवून हसली.

देवस्थळी सरांना हसणं खपत नसे. कोल्हापुरात त्यांना कोणी हसतही नसे. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं, वीस वर्षं पक्षिमंडळ चालवलं होतं, आणि किनाऱ्यावरच्या पक्ष्यांवर एक पुस्तक लिहिलं होतं. पुस्तक लहानसंच. प्रत्येक बंदराला एक पान आणि पानावर दोन प्रश्न. कुठे? कधी? उत्तरं नेमकी, एका ओळीत. अघळपघळ लिहिणाऱ्यांचा सरांना मनस्वी तिटकारा होता.

पाटवेळ बंदराच्या पानावर लिहिलं होतं: खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा. पौष, माघ. पूर्ण भरतीच्या आधी एक तास. कालवफोडे, खात्रीने.

त्यातला 'खात्रीने' हा शब्द सरांनी फार चवीने लिहिला होता.

कालवफोड्या म्हणजे काळापांढरा, गाजरासारख्या चोचीचा पक्षी. थंडीत कुठल्या तरी बर्फाळ मुलखातून आपल्या किनाऱ्यावर येतो. ओहोटीला खडक उघडे पडले की त्यांवरची कालवं फोडून खातो. भरतीला खडक बुडतात. मग पाणी उतरेपर्यंत त्याला नुसतं उभं राहायला कोरडी जागा लागते. त्याचं मागणं एवढंच.

आणि यंदा दांडा रिकामा होता.

सर तीन दिवस दांड्यावर जात होते. दांडा झाला, खाडी झाली, पलीकडची पुळण झाली. महिना बरोबर, तिथी बरोबर, पाणी बरोबर. सगळं गणित बरोबर आणि उत्तर तेवढं चूक. हे सरांच्या बाबतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं.

परवा रविवारी कोल्हापूरहून बस येणार होती. चाळीस माणसं. कोणी कॅमेरे घेऊन, कोणी नातवंडं घेऊन. "सर, दिसतील ना?" असं मंडळाच्या सभेत कोणीतरी विचारलं, तेव्हा सर नुसते हसले होते. सरांनी दाखवीन म्हटलं आणि दाखवलं नाही असं वीस वर्षांत झालं नव्हतं. आता चारचौघांत तोंडघशी पडायची पाळी आली होती, आणि तीही कोणत्या चुकीपायी ते कळत नव्हतं.

गणित तर भामायेचंच होतं. अठरा वर्षांपूर्वी सर पहिल्यांदा इथे आले, तेव्हा भरती कधी आणि ओहोटी कधी याचा त्यांना पत्ता नव्हता. भामायेने सांगितलं, तिथीची पाऊणपट कर. आज द्वादशी, म्हणजे बाराची पाऊणपट नऊ. नऊच्या सुमाराला पाणी भरणार. वाळूचा दांडाही तिनेच दाखवला होता. सर भाषणांत तिला 'माझी गुरू' म्हणत. पुस्तकाच्या प्रस्तावनेत मात्र 'एका स्थानिक मच्छीमार महिलेचे आभार' एवढंच छापलं होतं.

ते आत्ता त्यांना आठवलं.

"आये, नव्या आवृत्तीत तुझं नाव घालतो. सत्यभामा मेतर, पाटवेळ. ठळक अक्षरात."

"नको रे बाबा. नाव घातलंस काय लोक माज्या दारात येवन उभे रवतले."

"बरं, नाही घालत. पण एवढं सांग. कालवफोडे गेले कुठे, आणि दिसतील कधी?"

भामायेने हातातला बांगडा उलटला.

"जंय तू नाय, थंय गेले."

"आणि कधी?"

"तू गेलंस काय दिसतले."

सरांनी खिशातून वही काढली होती. ती त्यांनी तशीच परत ठेवली.

हे उत्तर म्हणावं तर उत्तर नव्हतं. थट्टा म्हणावी तर म्हातारीच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. ती नव्वदीला टेकलेली, डोळे पाणावलेले, हात मात्र वल्हं मारणाऱ्याचे असावेत तसे दणकट. सर तिच्याकडे बघत राहिले. दुपारचे बारा वाजले होते, ओहोटी लागली होती, आणि समोरचे खडक एकेक करून वर येत होते.

"ऊन झाला," भामाये म्हणाली. "बस."

मासळीचा एक रिकामा क्रेट पालथा पडला होता. सर त्यावर बसले.

"उठ."

सर उठले. क्रेट हवा असेल, असं त्यांना वाटलं. पण तिने क्रेटला हात लावला नाही.

"बस."

आता ते जाळ्यांच्या ढिगावर बसले. जाळी मऊ होती, सावलीतही होती. तीन दिवसांच्या वाळू तुडवण्याने पोटऱ्या भरून आल्या होत्या. सरांनी पाय लांब केले.

"उठ."

"का? आये, का उठू?"

भामाये बांगडे उलटत होती. सर उठले, कारण अठरा वर्षांत तिने सांगितलेलं काही खोटं निघालं नव्हतं. त्यांनी आपली आपणच होडीची कड शोधली. टेकले न टेकले तोच पुन्हा तेच.

"उठ."

इंदूने पेजेचा वाडगा आणि भाजलेला सुका बांगडा आणून दिला. सर शेडच्या उंबऱ्यावर बसले. पेज गरम होती. दोन घोट पोटात गेले.

"उठ."

"अगं, जेवतोय मी."

"उठ."

सरांनी उभ्याने पेज प्यायली. त्यांचं वय अठ्ठावन्न, गुडघ्यांचं त्याहून दोन वर्षं जास्तच. म्हातारीचं डोकं फिरलं असावं, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, प्रस्तावनेतल्या त्या ओळीची ही शिक्षा असेल. मग वाटलं, हा योगाचा काही प्रकार असेल; जुन्या माणसांना काय काय ठाऊक असतं. एकही तर्क पुढच्या 'उठ'पर्यंत टिकला नाही.

"वयनी," ते हळूच इंदूला म्हणाले, "यांना बरं नाही का?"

"आमका तर कधी उठ म्हणत नायत," इंदू म्हणाली आणि पुन्हा मीठ चाळायला लागली.

दुपारभर असंच चाललं. क्रेट, जाळी, होडी, उंबरा, दगड. मधे तासभर ती काहीच बोलली नाही. सरांचा डोळा लागायला आला आणि तेवढ्यात शब्द आला. रागावून निघून जावं असं त्यांना दोनदा वाटलं. पण जायचं कुठे? दांड्यावर काही नव्हतं, आणि जे काही होतं ते या म्हातारीच्या डोक्यात होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सरांच्या एक गोष्ट लक्षात आली. बऱ्याच वेळात भामायेने उठ म्हटलं नव्हतं, पण ते काही नीट बसले नव्हते. क्रेटच्या कडेला कसेबसे टेकले होते, एक पाय जमिनीवर रोवून, कान तिच्याकडे लावून. पाठ भरून आली होती. जवळ पेजेचा दुसरा वाडगा गार झाला होता आणि त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

"कितक्यांदा उठलंस?" भामायेने विचारलं.

"अकरा वेळा," सर लगेच म्हणाले. मोजणं हा त्यांचा धर्मच होता.

"तुका मोजूक येता. त्येंका मोजूक येणा नाय."

"कोणाला?"

तिने चटया गुंडाळायला घेतल्या. सर धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. दांडा तिथून दिसत होता, लांब, पिवळसर, रिकामा. गेल्या वर्षी याच दिवसांत त्यांनी तिथे पंचवीस माणसं नेली होती. त्याच्या आदल्या रविवारी पुस्तक वाचून आलेले दुसरे लोक. मधल्या दिवसांत आणखी कोणी. तेव्हा भरती चढत होती, दांडा अरुंद होत होता, आणि कालवफोडे अगदी टोकाला गोळा झाले होते. कालवफोड्याच्या पंखावर पांढरा पट्टा असतो. तो नुसता उभा असला की पट्टा पुरता दिसत नाही, उडाला की झकास दिसतो.

तो पट्टा दिसावा म्हणून सर टाळी वाजवत असत.

थवा उडे, लोक आहा म्हणत, थवा पाण्यावरून फेरी मारून पुन्हा दांड्यावर उतरे. मागाहून आलेल्यांना पट्टा दिसलेला नसे. सर पुन्हा टाळी वाजवत.

किती वेळा? सरांनी आठवायचा प्रयत्न केला. पक्षी किती होते ते त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं, वेळेसकट. टाळ्या किती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

पण सर म्हणजे सर. लाज वाटली तरी तिच्यातून त्यांना नियम सापडला आणि नियम सापडला की त्यांना हुशारी येत असे. ते झपझप परत आले.

"कळलं मला, आये. चुकलं माझं. त्यांना उठवायचं नाही. परवा माणसं पन्नास हात लांब उभी करीन. टाळी नाही, गडबड नाही. लांबून दुर्बिणीने बघतील. आता तरी जागा सांग."

भामायेने त्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बोट केलं.

"ह्येच्यातून पन्नास हात म्हंजे कितके?"

"ही आठपट जवळ दाखवते. म्हणजे..." सरांनी हिशेब केला. "सव्वासहा हात."

"मगे?"

"मगे काय? मी पन्नास हातांवरच असणार ना. जवळ दिसतं ते मला. त्यांना नाही."

"तुका कोणी सांगितल्यान?"

सरांनी तोंड उघडलं. भिंगाचं शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, पण ते या प्रश्नाला कुठून जोडायचं तेच कळेना. पक्ष्याला भिंग कळत नाही, हे ते पैजेवर सांगू शकले असते. मग वर्गात मागच्या बाकावरून कोणी टक लावून बघत असलं की फळ्याकडे तोंड असतानाही आपल्याला कसं कळायचं, हे त्यांना उगीचच आठवलं. डोकं भणभणायला लागलं. सकाळी एक गोष्ट कळत नव्हती. आता तीन कळत नव्हत्या.

"सकाळी ये," भामाये म्हणाली. "काम आसा."

त्रयोदशीला पाणी पावणेदहाला भरायचं होतं. सर सात वाजता धक्क्यावर हजर झाले. हा तोच जुना धक्का, ज्याच्याबद्दल पुस्तकात 'टाळावा. वास, कावळे, गर्दी. पाहण्याजोगं काही नाही' असं त्यांनी छापलं होतं. मोठ्या बोटी नव्या धक्क्याला लागतात. इथे चार होड्या आणि दहाबारा बायका, टोपल्या, मीठ, कोणाच्या तरी रेडिओवर भजन. धक्क्याचं टोक कधीचं ढासळलेलं आहे आणि तिथे नुसते दगड उरले आहेत.

भामायेने हात पुढे केला. सरांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिने ती शेडमधल्या खिळ्याला, ओल्या पोत्याशेजारी टांगली. एरवी सर दुर्बिणीला वारा लागू देत नसत. आज लागू दिला.

त्यांना एक सुरी मिळाली, एक गोणपाट मिळालं, आणि समोर बांगड्यांनी भरलेली टोपली आली. जागा धक्क्याच्या टोकाशी, दगडांना लागून.

"मान खाली," भामाये म्हणाली. "टोपली सरेपर्यंत मान वर करू नको. केलंस तर उठ."

"आणि पक्षी?"

बांगडा खारवायचा तर पोटाकडून कापत नाहीत, पाठीकडून उभा चिरतात. सरांनी तीस वर्षं पोरांना चिरफाड शिकवली होती. त्यांनी पहिला बांगडा हातात घेतला आणि त्याचे दोन वेगळे तुकडे करून ठेवले.

"पुस्तकासारखो उघडूचो," इंदू म्हणाली. "दोन पुस्तकां करूची नाय."

बायका हसल्या. सर आज रागावले नाहीत, रागवायला सवडच नव्हती. दुसरा बांगडा बरा उघडला. आतडं काढायचं, धुवायचा, मीठ भरायचं, थरात लावायचा. साडेआठच्या सुमाराला त्यांनी मान वर केली. समोर राखाडी पाणी, दगड, कावळे. बाकी काही नाही.

"उठ."

हात धुवून, वळसा घालून, पुन्हा येऊन बसावं लागलं. टोपलीत मघापेक्षा जास्त बांगडे होते. सरांनी नंतर मान वर केली नाही.

पाठीकडून चीर, उघड, काढ, धू, मीठ. सुरुवातीला त्यांचे कान टवकारलेले होते. पाणी किती चढलं असेल, दांड्यावर या घडीला काय असेल, उद्या बसमधून उतरणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं, हे सगळं डोक्यात घोंघावत होतं. मग अंगठ्याला मीठ झोंबलं आणि लक्ष अंगठ्याकडे गेलं. मग एक चीर अगदी सरळ आली आणि ती बघून त्यांना बरं वाटलं. पुढच्या दहापंधरा बांगड्यांत त्यांना उद्याची आठवण झाली नाही.

तेवढ्यात शिट्टी आली. बारीक, धारदार, पाण्यावरून आलेली.

सरांची सुरी थांबली. हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

मानेची प्रत्येक शीर वर ओढत होती. एक क्षण, फक्त एक. तीन दिवस ज्याच्यासाठी वणवण केली ते हातभर अंतरावर होतं, आणि मान वर करायला काय लागतं? पण त्यांना भीती वाटली. साप, वादळ, रात्रीची खाडी, कशाकशाला न भ्यालेला तो माणूस स्वतःच्या बघण्याला भ्याला.

"चीर," भामाये पुटपुटली. तिची सुरी थांबलेली नव्हती.

सरांनी बांगडा चिरला.

टोपलीच्या काठापलीकडे दगडांची एक पट्टी दिसत होती. तिथे पाय उतरले. गुलाबी पाय. दोन, मग चार, मग आणखी. फडफडीचा वारा सरांच्या हाताला लागला. कालवफोडे धक्क्याच्या दगडांवर येऊन उभे राहत होते, बायकांपासून चार हातांवर, भजन लावलेल्या रेडिओच्या शेजारी. इंदू पाण्याची बादली घेऊन त्यांच्या मधून गेली. दारात निजलेल्या मांजराला वळसा घालून जावं तशी गेली. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही आणि त्यांनीही तिची दखल घेतली नाही.

सर सवयीने पाय मोजायला लागले. नऊ.

नऊ पायांचे पक्षी किती? कालवफोड्या विसावा घेताना एक पाय पोटाशी धरतो. मग नऊ पाय म्हणजे नऊ पक्षी असतील. पण दोन पायांवर उभेही काही असतील. मग पाच? सात? एक पाय खाली आला, दहा झाले; दुसरीकडे दोन वर गेले, आठ झाले. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा चुकलं. कोल्हापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्याच्या मोजणीवर कोणी बोट ठेवत नसे त्या माणसाला डोळ्यांसमोरचे पक्षी मोजता येईनात.

त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि एक बांगडा चिरला.

मग अगदी जवळचे दोन पाय वाकले. पांढरं पोट दगडाला टेकलं. पक्षी खाली बसला.

सरांच्या घरी कालवफोड्यांचे चारशे फोटो होते. उडणारे, उतरणारे, माना ताठ करून उभे असलेले. बसलेला एकही नव्हता. अठरा वर्षांत त्यांनी कालवफोड्या बसलेला पाहिला नव्हता, आणि पाहिला नाही हेही त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्यांना रडू येईल असं वाटलं. आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, हे काही केल्या समजेना. मिठाच्या हाताने डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ते तसेच चिरत राहिले.

खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. कोणाचा ते सरांना माहीत होतं. मंडळाचे चिटणीस: सर, उद्याची जागा आणि वेळ कळवा. सरांनी फोनला हात लावला नाही. दगडावरचं पांढरं पोट हळूहळू वरखाली होत होतं.

टोपली कधी सरली ते त्यांना कळलं नाही. भामायेने दुसरी पुढे सरकवली. तीही अर्धी झाली. पायांची सावली आखडत गेली, पाणी दगडांवरून उतरायला लागलं, बारीक शिट्ट्या झाल्या, आणि एकाएकी टोपलीच्या काठापलीकडे नुसते ओले दगड राहिले.

"आता कर मान वर," भामाये म्हणाली.

सरांनी मान वर केली. मान चटकन होईना; हाताने धरून वर करावी लागली. समोर खडक उघडे पडत होते. लांब त्यांवर काळेपांढरे ठिपके, कुठले ते नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. दुर्बीण शेडमध्ये खिळ्याला होती. ती आणायला ते उठले नाहीत.

"आये, किती होते?"

"माका काय म्हायत? मी बांगडे बघित होतंय."

"तू कधीच बघत नाहीस त्यांना?"

भामायेने पुढचा बांगडा उचलला.

"मग ते इथे येतात हे तुला कसं कळलं?"

"तुका कसा कळला?"

पाय दिसले, पोट दिसलं, हाताला वारा लागला. एकही पक्षी अख्खा दिसला नव्हता. वहीत काय लिहायचं? पाहिले म्हणायचं की नाही? तीस वर्षं ते पोरांना सांगत आले होते, जे नीट पाहिलं नाही ते लिहू नका. आणि आजच्याइतकं नीट त्यांनी कधीच काही पाहिलं नव्हतं.

हात धुवून त्यांनी फोन काढला. चिटणिसांचे चार निरोप होते. बस पहाटे साडेचारला सुटणार. चाळीस नावं पक्की. जागा कळवा, वेळ कळवा.

दोन्ही उत्तरं आता सरांपाशी होती. त्यांनी टाइप केलं: जुना धक्का. चतुर्दशी, म्हणजे साडेदहा. एक तास आधी. मग बोटांनी सवयीने पुढचा शब्द लिहिला. खात्रीने.

त्यांनी तो निरोप वाचला. नेमका होता, एका ओळीत होता. दगडावर टेकलेलं पांढरं पोट त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याच्यासमोर चाळीस माणसं उभी राहिली, कॅमेरे वर करून, मागच्यांना दिसत नाही म्हणून पुढे सरकणारी. त्यांतली निम्मी सरांनीच तयार केलेली होती.

त्यांनी निरोप पुसला. 'यंदा पक्षी नाहीत' असं लिहिलं. तेही पुसलं. खोटं लिहायची सवय नव्हती. 'बस रद्द करा' लिहिलं. मग त्यांना ती नातवंडं आठवली, ज्यांच्यासाठी आज्यांनी डबे करायला घेतले असतील. अंगठा काचेवर तसाच राहिला.

"आये," ते म्हणाले. "उद्या चाळीस माणसं येतायत. दाखवतो म्हणून मी शब्द दिलाय. जागा सांगितली तर हे पक्षी इथूनही जातील. मग यांना कुठे जागा आहे ते मला माहीत नाही, आणि तुलाही नसेल. नाही सांगितली तर माझा शब्द जातो. मला काही सुचत नाही गं. मी त्यांना काय दाखवू?"

भामायेने अर्धी राहिलेली टोपली त्यांच्याकडे ओढली. पायाखालच्या दगडावर सुरीला दोनदा धार दिली आणि मूठ त्यांच्याकडे करून पुढे धरली.

"बांगडे दाखव."